गद्र्यांची शाकाहारी बदकं

"आमच्या घरातली माणसंच नव्हेत, बदकंसुद्धा शुद्ध शाकाहारी आहेत!"

प्रभाकर गद्र्यांनी हे वाक्य भिवंडीच्या वाचनालयाच्या ओट्यावर बसून इतक्या जोरात म्हटलं, की शेजारच्या गल्लीतल्या लूमची खडखडसुद्धा क्षणभर थबकल्यासारखी वाटली. बँकेतून निवृत्त झाल्यापासून प्रभाकरांचा आवाज असाच चढा लागायचा. तिथे काउंटरची काच मध्ये होती, इथे नव्हती!

"बदक आणि शाकाहारी?" शेजारी बसलेल्या केसरीनाथांनी पेपर खाली घेतला. केसरीनाथ म्हणजे भिंतीला भिंत लागून राहणारे शेजारी, कोर्टातून निवृत्त झालेले आणि मासळीशिवाय जेवायला न बसणारे. "मग आमचा बोकाही गुरुवार करतो म्हण की!"

"शिस्त असते, केसरीनाथ, शिस्त! सकाळी उकड्या तांदळाचा भात, दुपारी पोळीचा कुस्करा, संध्याकाळी दूधभात. काय बिशाद आहे दुसऱ्या कशाला चोच लावतील!"

ही बदकं प्रभाकरांना राघोने दिली होती. राघो हा अंबाडीकडचा शेतकरी, बँकेचा जुना खातेदार. उन्हाळ्यात तो टोपलीतून तीन पिल्लं घेऊन आला आणि "सायेब, परसात सोडा, आपसूक वाढतान" म्हणून ठेवून गेला. सुमतीबाईंनी, म्हणजे प्रभाकरांच्या पत्नीने, कपाळाला हात लावला. प्रभाकरांनी मात्र त्यांचं थाटात बारसं केलं. बँकेत हयात गेलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? एक बचत, एक मुदत आणि एक चालू!

त्यातली चालू अगदी नावासारखी निघाली. कुंपणातून सटकायची आणि आळीभर हिंडायची. मग प्रभाकर लेंगा सावरत दारात उभे राहून ओरडायचे, "चालू! ए चालू! ये गं घरी!" समोर नवीन राहायला आलेल्या बाई एकदा रागाने लाल होऊन थेट सुमतीबाईंकडे तक्रार घेऊन आल्या होत्या. त्यांना बदक दाखवावं लागलं.

पावसाळ्यात सुमतीबाईंच्या अनंताला, गोकर्णाला लागणाऱ्या गोगलगायी एकदम नाहीशा झाल्या. प्रभाकरांनी कुंड्यांभोवती राख टाकली होती. त्यामुळे हा राखेचाच प्रताप, असं त्यांनी अख्ख्या आळीला ऐकवलं. दिवाळीच्या सुमारास तिन्ही बदकं अंडी द्यायला लागली, तेव्हा तर त्यांची छाती आणखी फुगली. अंडी घरात चालत नसत, म्हणून ती रोज भिंतीवरून केसरीनाथांकडे जात. केसरीनाथांचं ऑम्लेट झालं की त्याचा वास भिंतीवरून परत गद्र्यांकडे येई. पण त्याला इलाज नव्हता.

आणि मग पिसं गळायला लागली.

आधी एकदोन. मग मूठमूठ. चालूची शेपूट वापरून झिजलेल्या खराट्यासारखी दिसू लागली. बचतची मान उघडी पडली. मुदत अंगावर पाणी पडलं की भिजलेल्या गोधडीसारखी जड होऊन थरथरत बसायची. तिघी एकमेकींची पिसं उपटून चक्क खाऊ लागल्या! आणि एका सकाळी अंड्याच्या जागी एक मऊ, लिबलिबीत पिशवी मिळाली. केसरीनाथांनी ती भिंतीवरून परत केली.

"अहो, काहीतरी करा," सुमतीबाई म्हणाल्या. "बघवत नाही हो त्यांच्याकडे. थंडी तोंडावर आलीय."

प्रभाकरांनाही बघवत नव्हतं. बोलायचे नाहीत, पण त्या रात्री त्यांना नीट जेवण गेलं नाही. सकाळी उठून त्यांनी तिघींना टोपलीत घातलं आणि रिक्षा करून डॉक्टर मेघालींकडे नेलं. ही तरुण मुलगी गावात जनावरांचा दवाखाना चालवायची.

डॉक्टरांनी चालूला उलटी करून शेपटीचं मूळ चाचपलं, पंख पसरून बघितले आणि विचारलं, "काका, खायला काय देता?"

"भात, पोळी, दूधभात. शुद्ध शाकाहारी!" प्रभाकर अभिमानाने म्हणाले.

"आणि पावसाळ्यात?"

"तेच."

"तुमच्याकडे गोगलगायी होत्या?"

"होत्या. मी राख टाकली, गेल्या."

डॉक्टर हसल्या. "काका, राखेने नाही गेल्या. यांच्या पोटात गेल्या!"

प्रभाकर खुर्चीवर बसले. म्हणजे आपल्या परसात, आपल्या डोळ्यांदेखत, चार महिने राजरोस मांसाहार चालू होता!

"तेव्हा पोषण मिळत होतं म्हणून तर एवढ्या छान वाढल्या," डॉक्टर समजावू लागल्या. "आता गोगलगायी संपल्या आणि अंडी सुरू झाली. अंडं काय, पीस काय, दोन्ही प्रोटीनवर चालतं. अंगातलं होतं नव्हतं ते अंड्यात जातंय, मग पिसांनी कुठून आणायचं? नुसत्या भाताने काही होणार नाही. आणि दूध तर अजिबात नको, त्यांना पचत नाही. अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं तयार खाद्य मिळतं ते सुरू करा. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, म्हणजे अंड्याचं कवच घट्ट होईल. हिरवा पाला द्या. पाणी कशात देता?"

"परातीत. उगाच नासाडी नको म्हणून."

"टब द्या, काका. डोकं पूर्ण बुडलं पाहिजे. शेपटीपाशी तेलाची गाठ असते, आंघोळ झाली की ते तेल चोचीने पिसांना चोळतात. त्याशिवाय पाणी निथळणार कसं? आणि पिसं भरून येईपर्यंत रोज थोडा सुका जवळा द्या."

"सुका काय?"

"जवळा. सुकवलेली बारीक कोळंबी."

प्रभाकरांनी डोळे मिटले. त्यांना वरच्या मजल्यावरची रिकामी खोली दिसू लागली. उन्हाळ्यात ऋतिका आणि सार्थक नावाचं नवं जोडपं ती भाड्याने मागायला आलं होतं. ती इथल्या कॉलेजच्या ऑफिसात, तो दापोड्याला गोदामात सुपरवायझर. सोन्यासारखी मुलं! पण "आम्ही मासे खातो, चालेल ना?" असं ऋतिकाने प्रामाणिकपणे विचारलं आणि प्रभाकरांनी हात जोडले होते. "नाही हो. सुकटीच्या नुसत्या वासानेही आमच्या घराण्यात चक्कर येते."

आता हेच घराणं जवळा विकत आणणार!

*

कोंबड्यांचं ते तयार खाद्य पुढच्या आठवड्यात येणार होतं. जवळ्यासाठी मात्र थांबून चालणार नव्हतं. भिवंडीच्या बाजारात प्रभाकरांना कुत्रंसुद्धा ओळखायचं, म्हणून त्यांनी स्कूटर काढली आणि तडक अंबाडी गाठली. तोंडाला मास्क, डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर गॉगल. एटीएम फोडायला निघाल्यासारखे ते सुकी मासळी विकणाऱ्या हौसाबाईंपुढे उभे राहिले.

"या काका! बोंबील हाय, मांदेली हाय, जवला हाय. काय देऊ?"

"ते... तसलं द्या," प्रभाकर हेल्मेटच्या आतून कुजबुजले.

"तसलं म्हंजे कसलं?"

"बारीक असतं ते."

"जवला? मोठ्यानं बोला ना काका, चोरीचा न्हाय माझा माल!"

"हळू बोला हो! माझ्यासाठी नाही, बदकांसाठी हवाय."

हौसाबाई एवढ्या हसल्या की तराजू हलला. "बदकांसाठी! तुमच्यावानी लोक येतान ना, कुनी मांजराचं नाव सांगतं, कुनी कुत्र्याचं. बदक आज पयल्यांदा आयकलं! खावा बिनधास्त, मी कुनाला सांगत न्हाय."

"अहो, खरंच बदकं..."

"व्हय व्हय. बदकांना सांगा, कांदा जास्त घाला म्हनावं!"

प्रभाकरांनी पुडकं हिसकावून घेतलं आणि मागे वळले. मागे सार्थक उभा. हो, तोच, खोली नाकारलेला!

"गद्रे काका?" त्याने हेल्मेटवरचं बँकेचं स्टिकर बघितलं, हातातलं पुडकं बघितलं आणि समजूतदारपणे हसला. "काही काळजी करू नका, काका. मी काही बघितलंच नाही."

माणसाने न बघितल्याचं वचन दिलं की बघितल्याहून जास्त लाज वाटते, हे प्रभाकरांना त्या दिवशी कळलं. स्कूटर सुरू करताना त्यांनी स्टार्टरऐवजी तीनदा हॉर्नच दाबला.

*

आता प्रश्न होता, ठेवायचं कुठे? सुमतीबाईंच्या स्वयंपाकघरात कांदासुद्धा परवानगीने यायचा. शेवटी वरची रिकामी खोली उपयोगी पडली. प्रभाकरांनी जवळा डब्यात घातला, डबा पिशवीत, पिशवी दुसऱ्या पिशवीत घालून सगळं माळ्यावर ढकललं. वर चार कापराच्या वड्या आणि उदबत्ती! सुमतीबाईंना सांगितलं, "डॉक्टरांनी शक्तीची पावडर दिलीय." रोज सकाळी बाई देवळात गेल्या की हे वाटी घेऊन वर, चमच्याने जवळा काढायचा, खाली परसात, आणि बाई परत यायच्या आत हात धुऊन, पेपर उघडून तयार!

बदकांनी जवळ्यावर अशी झडप घातली, की पहिल्या दिवशी प्रभाकरांचं बोटही जाता जाता वाचलं. टबही आला. तिघी त्यात डोकं बुडवून, पंख फडफडवून अख्खं परस भिजवू लागल्या. थोड्याच दिवसांत बचतच्या मानेवर काळेभोर कोंब दिसू लागले. चालूला शेपूट फुटू लागली. प्रभाकर सकाळ संध्याकाळ चष्मा लावून नवी पिसं बघत बसायचे. नातवाला पहिला दात आल्यावर बसले होते, तसेच!

पण वरच्या मजल्यावरून एक वास खाली उतरू लागला. जवळा, कापूर आणि चंदनाची उदबत्ती यांचा तो संगम म्हणजे मेलेल्या उंदराने अत्तर लावावं तसा होता. जिन्यावर आळीतली मांजरं बैठकीला बसू लागली. केसरीनाथांचा बोकाही त्यांत होता.

"अहो, वर उंदीर मेलाय नक्की," सुमतीबाई म्हणाल्या.

"छे! मी रोज जातो ना वर. पेपर वाचायला."

"पेपर तर खाली असतो तुमचा!"

"पुरवणी," प्रभाकर म्हणाले आणि खोकत बाहेर पडले.

सुमतीबाईंनी त्याच दिवशी उंदरांचं औषध टाकणाऱ्या माणसाला बोलावलं. तो वर गेला, नाक वर करून खोलीभर हिंडला, माळ्यावर चढला आणि डबा घेऊन खाली आला.

"आंटी, चूहा नहीं है. ये देखो, जवला है! एकदम बढिया क्वालिटी. किसी ने छुपा के रखा है!"

सुमतीबाईंनी डब्यात बघितलं. आत जवळा होता. जवळ्यात चमचा होता.

त्या चमच्याने घात केला! बदकांना चमचा कशाला लागेल? बदकं तर शाकाहारी. हे स्वतः रोज चारचौघांत सांगतात. रोज वर जातात, आणि मी देवळातून आले की वाटी धुऊन पालथी घातलेली असते. गेल्या काही दिवसांत चेहऱ्यावर तजेला आलाय. संध्याकाळी शीळ घालतात!

त्या जिन्यावरच बसल्या. भिंतीपलीकडून केसरीनाथांनी विचारलं, "काय वहिनी, बरं नाही का?" बाईंनी त्यांना सगळं सांगितलं.

केसरीनाथांनी गंभीर चेहरा केला. "आमचे रोजचे ऑम्लेटचे वास, वहिनी. कधीतरी परिणाम व्हायचाच."

दुसरी कुणी असती तर तिने घर डोक्यावर घेतलं असतं. सुमतीबाईंच्या मात्र वेगळंच मनात आलं. एवढा संसार झाला आणि या माणसाला एक गोष्ट आवडते, ती आपल्याला सांगायचीही चोरी? आणि खातात कसं, तर कच्चं! माळ्याखाली उभं राहून, चमच्याने! त्यांना रडू आलं. मग डोळे पुसून त्यांनी ऋतिकाला फोन लावला. मासे शिजवणारी तेवढी एकच मुलगी त्यांना माहीत होती.

"मुली, तुम्हाला खोली दिली नाही, तरी एक विचारू का गं? जवळा कसा करतात?"

*

रविवारी दुपारी प्रभाकर वाचनालयातून परतले, तर परसात मेळावा भरला होता! सुमतीबाई नाकाला पदर बांधून शेगडीपुढे बसलेल्या. बाजूला ऋतिका. सार्थक भाकऱ्यांचं टोपलं घेऊन उभा. केसरीनाथ तर वासावर आल्यासारखे खुर्ची घेऊनच आले होते. तवा मोडीत काढायचा जुना, आणि तव्यात कांद्यावर परतलेला लालबुंद जवळा!

"बसा," सुमतीबाई पदराच्या आतून म्हणाल्या आणि ताट पुढे ठेवलं. "इतकी वर्षं मन मारलंत. मला एका शब्दाने बोलला नाहीत. पण आता कच्चं खायचं नाही. पोट बिघडेल."

प्रभाकरांच्या हातून पुस्तक पडलं. "अगं, मी कुठे... ते बदकांसाठी होतं!"

सगळे प्रेमळपणे हसले. त्या हसण्याने प्रभाकर आणखीच घाबरले.

"काका, इथे सगळे आपलेच आहेत," सार्थक म्हणाला.

"लाजू नका, काका," ऋतिका म्हणाली. "मी आमसूल घातलंय."

"मी सिद्ध करतो! डबा आणा, आत्ता बदकांना घालून दाखवतो!"

"डबा?" सुमतीबाई म्हणाल्या. "सगळा तव्यात घातला की! तुम्हाला पोटभर व्हावा म्हणून."

प्रभाकरांनी खिशातून फोन काढला. "थांबा! डॉक्टरांनाच विचारतो. स्पीकरवर ठेवतो!" फोन लागला. "डॉक्टर, मी गद्रे. जवळ्याबद्दल आमच्या हिला जरा समजावून सांगा. ही विश्वास ठेवत नाही!"

डॉक्टर कामात असाव्यात. मागे कुत्रं भुंकत होतं. "काकू, अहो जवळा बंद करू नका हं!" त्या ओरडूनच बोलल्या. "रोज मूठभर पोटात गेलाच पाहिजे. अंगात काही उरलं नव्हतं हो, केवढा अशक्तपणा होता! आता जरा तरतरी आलीय ना?"

"आलीय," सुमतीबाई कापऱ्या आवाजात म्हणाल्या आणि नवऱ्याकडे बघत राहिल्या.

"झालं तर मग! वरून भरपूर पाणी. रोज डोकं बुडवून आंघोळ. आणि काका, अंड्याचं कवच आता घट्ट येतंय ना?"

सगळ्यांनी आधी फोनकडे, मग प्रभाकरांकडे बघितलं.

"हे मात्र प्रभाकरचं नसावं," केसरीनाथ म्हणाले.

ऋतिकाने तोंडात ओढणीचा बोळा कोंबला. सार्थक भाकऱ्यांच्या टोपल्याआड लपला. जवळा निवडताना ऋतिकाने बाजूला टाकलेला भुसा कुंपणापाशी पडला होता. नेमकी त्याच वेळी चालू तिथे पोचली आणि त्यावर तुटून पडली. मागून बचत, मागून मुदत! तिघींच्या माना यंत्रासारख्या खालीवर होऊ लागल्या. नव्या पिसांवर ऊन पडलं आणि ती निळीहिरवी चमकली.

सुमतीबाईंनी बदकांकडे बघितलं. नवऱ्याकडे बघितलं. मग तव्याकडे बघितलं. हळूहळू त्यांनी नाकावरचा पदर सोडला.

"म्हणजे तुम्ही खरंच खाल्ला नाहीत?"

"कधीच नाही! शपथ घेऊन सांगतो!"

"अरे देवा!" सुमतीबाईंनी दोन्ही हात गालांवर ठेवले. "मग आता मी काय करू? मी मीठ बघितलं ना हो!"

ऋतिकाने भीत भीत विचारलं, "काकू... बरोबर होतं का मीठ?"

सुमतीबाईंना खरं बोलायची सवय होती.

"किंचित कमी."

पहिले हसले ते प्रभाकर. इतके हसले, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. हसता हसता त्यांना आठवलं, याच मुलीला आपण अंगणातून परत पाठवलं होतं. आणि आज ती सुट्टीच्या दिवशी आपल्यासाठी शेगडीपुढे घाम गाळत बसलीय, एका शब्दाने टोमणा न मारता.

"सार्थक," ते चष्मा परत लावत म्हणाले, "वरची खोली... अजून हवी असली तर... म्हणजे तुम्हाला गैरसोय नसेल तर."

"काका, पण आम्ही मासे..."

"मग काय झालं! खोलीला आता सवय झालीय."

सगळे तिथेच जेवायला बसले. प्रभाकर आणि सुमतीबाईंनी पिठलं घेतलं. तवा सार्थकने आणि केसरीनाथांनी पुसून काढला.

महिना संपायच्या आत ऋतिका आणि सार्थक वर राहायला आले. कोंबड्यांचं खाद्य सुरू झालं. टबात पाणी पडलं की बदकांच्या पाठीवरून ते मोत्यांसारखं घरंगळू लागलं. अंडी कडक, पिसं दाट, आणि चालू पुन्हा आळीभर मिरवायला मोकळी. जोडीला थोडा जवळा मात्र चालूच होता. आता तो राजरोस खालीच ठेवायचा असं ठरलं. परसाच्या दाराशी, स्वयंपाकघराला लागून.

एका बुधवारी प्रभाकरांनी डबा उघडला. हा पंधरवड्याचा जवळा, नुकताच आणलेला. डब्याचा तळ दिसत होता! त्यांनी बदकांकडे बघितलं. बदकं नेहमीइतकीच होती. ते डबा हातात घेऊन स्वयंपाकघरात गेले.

"अगं, हा एवढ्यात कसा संपला?"

सुमतीबाई पाठमोऱ्या उभ्या होत्या. कांदा चिरत होत्या. बराच कांदा चिरत होत्या.

"अंडी देतायत ना बिचाऱ्या," त्या मागे न वळता म्हणाल्या. "भूक लागते हो त्यांना. या खेपेला जरा जास्तच आणा."

प्रभाकरांनी डब्याला झाकण लावलं आणि ते हेल्मेट शोधायला गेले.